पहिल्या हंगामाचा ताळेबंद

३० एप्रिल २०२५ रोजी मिनेसोटा टिंबरवूल्व्ज या संघाने लॉस एंजेलिस लेकर्सचा त्यांच्याच मैदानावर १०३ विरुद्ध ९६ गुणांनी पराभव केला आणि अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या या अत्यंत नामांकित संघाचा हंगाम बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर आटोपला. पाच सामन्यांत एक विजय आणि चार पराभव, असा हिशेब लागला. लेकर्सचे प्रशिक्षक जे. जे. रेडिक यांचे ते पदावरील पहिलेच वर्ष होते. पंधरा हंगाम खेळाडू म्हणून काढलेल्या आणि निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्या या गृहस्थांनी तत्पूर्वी कोणत्याही व्यावसायिक अथवा महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. साहजिकच पराभवानंतर प्रश्न विचारला गेला, तो असा की, हा माणूस या पदास लायक आहे काय?

या प्रश्नाला दोन उत्तरे देण्यात आली. पहिले उत्तर असे की, ८२ सामन्यांपैकी ५० जिंकून पश्चिम विभागात तिसरे स्थान मिळविणारा नवखा प्रशिक्षक यशस्वीच म्हटला पाहिजे. दुसरे असे की, तिसऱ्या स्थानावरील संघ सहाव्या स्थानावरील संघाकडून पाच सामन्यांत गारद होतो, याचा दोष प्रशिक्षकाकडेच जातो. दोन्ही उत्तरे आकड्यांवर आधारलेली आहेत आणि तरीही दोन्ही अपुरी आहेत. कारण ती ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्नच वेगळा आहे. संघाचे काय झाले, हे ती सांगतात. प्रशिक्षकाने काय केले, हे सांगत नाहीत.

दूरदेशीच्या एका संघाच्या या चर्चेशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु नव्याने पदावर आलेल्या माणसाचे पहिल्या वर्षानंतर मोजमाप कसे करावे, हा प्रश्न शाळेपासून सचिवालयापर्यंत सर्वत्र पडतो आणि बहुतेक ठिकाणी तो अंदाजाने सोडविला जातो. व्यावसायिक बास्केटबॉल हे असे क्षेत्र आहे की, जेथे प्रत्येक मिनिटाची, प्रत्येक फेकीची नोंद राहते आणि ती सर्वांना उपलब्ध असते. मोजमापाच्या पद्धती कितपत खऱ्या ठरतात, हे तपासून पाहण्यास याहून उघडी वही क्वचितच मिळेल.

तीन विजयांचा अर्थ

प्रथम साध्या आकड्यांकडे पाहू. एन. बी. ए. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत तीस संघ असून प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो. त्यानंतर पूर्व व पश्चिम या दोन विभागांतील आघाडीचे संघ बाद फेरीत उतरतात आणि तेथे सातांपैकी चार सामने जिंकणारा पुढे सरकतो. रेडिक यांच्या आधी डार्विन हॅम हे लेकर्सचे प्रशिक्षक होते. त्यांच्या अखेरच्या, म्हणजे २०२३-२४ च्या हंगामात संघाने ४७ सामने जिंकले होते. रेडिक यांनी ५० जिंकले. तेव्हा सुधारणा झाली, ती तीन विजयांची.

ही तीनची वाढ कितपत बोलकी आहे? एक नाणे ८२ वेळा उडविले तर सरासरीने ४१ वेळा छाप पडेल. परंतु प्रत्यक्षात ४१ हाच आकडा दर वेळी येणार नाही. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने त्यात सुमारे साडेचारांचा चढउतार केवळ योगायोगाने होत राहील. संघाची गुणवत्ता तसूभरही न बदलता एका वर्षी ४५ आणि दुसऱ्या वर्षी ४९ विजय मिळणे यात आश्चर्य असे काहीच नाही. दोन हंगामांची तुलना करू लागलो की, दोन्हींकडील अनिश्चितता एकत्र येते आणि हा चढउतार सहाच्या पुढे जातो. अशा स्थितीत तीन विजयांच्या वाढीवरून प्रशिक्षकाची पाठ थोपटणे म्हणजे पावसाच्या एका सरीवरून हवामानाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

हाच नियम टीकाकारांनाही लावला पाहिजे. तिसऱ्या क्रमांकाचा संघ सहाव्याकडून हरला, हे वाक्य ऐकायला भयंकर वाटते. परंतु त्या हंगामात पश्चिम विभागात तिसऱ्या स्थानावरील लेकर्सचे विजय होते ५० आणि सहाव्या स्थानावरील मिनेसोटाचे ४९. दुसऱ्या क्रमांकाचा संघ ५२ वर, तर आठव्या क्रमांकाचा ४८ वर होता. म्हणजे दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सात संघ चार विजयांच्या अंतरात गर्दी करून उभे होते. गुणवत्ता यादीत दोन गुणांच्या फरकाने वीस-वीस क्रमांक मागेपुढे होतात, हे शिक्षकांना सांगावयास नको. क्रमांक हा अंतर लपवितो. हरविणारा मिनेसोटाचा संघ पुढे विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, हेही लक्षात घेतले म्हणजे अपमानास्पद पराभव या शब्दप्रयोगातील बराचसा फुगवटा निघून जातो.

पदरी पडलेले भांडवल

अर्थशास्त्रात उत्पादनाचे श्रेय वाटताना आम्ही प्रथम भांडवल व साधने बाजूला काढतो. काळ्या कसदार जमिनीतील पीक आणि खडकाळ माळावरील पीक यांच्या तुलनेवरून शेतकऱ्याचे कौशल्य ठरविता येत नाही. प्रशिक्षकाच्या बाबतीत खेळाडू हे भांडवल होय आणि ते निवडण्याचा अधिकार प्रायः त्याचा नसतो. तो संघाच्या महाव्यवस्थापकाचा असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ग्रेग पॉपोविच यांचे. सॅन अँटोनिओ संघाचे व्यवस्थापन त्यांच्याकडेच होते. १९९६ च्या डिसेंबरात संघाची स्थिती ३ विजय व १५ पराभव अशी असताना त्यांनी प्रशिक्षकाला दूर करून ते काम स्वतःकडे घेतले. उरलेल्या ६४ सामन्यांत त्यांना अवघे १७ विजय मिळाले. संघाचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन त्या वर्षी दुखापतीमुळे केवळ सहा सामने खेळू शकला होता. पुढच्या वर्षी तो परतला आणि नवोदितांच्या निवडीत पहिला क्रमांक लाभल्यामुळे टिम डंकन संघात आला. विजय २० वरून ५६ वर गेले. १९९९ मध्ये विजेतेपद मिळाले आणि पुढे आणखी चार मिळाली. २०२५ च्या मे महिन्यात पॉपोविच यांनी प्रशिक्षकपद सोडले, तेव्हा नियमित हंगामातील १,४२२ विजयांचा विक्रम त्यांच्या नावावर होता. पहिल्या हंगामाच्या आकड्यांवरून त्यांचा निवाडा केला असता, तर या खेळातील एक थोर कारकीर्द सुरू होण्यापूर्वीच संपली असती. अर्थात, व्यवस्थापन त्यांच्याच हाती असल्यामुळे त्यांना काढणारे कोणी जवळपास नव्हते, हाही भाग्याचाच एक भाग म्हणावा लागेल.

उलट बाजूचे उदाहरण स्टीव्ह कर यांचे आहे. त्यांनीही पूर्वी कधी प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. २०१४ मध्ये गोल्डन स्टेट संघाने ५१ सामने जिंकून देणाऱ्या मार्क जॅक्सन यांना दूर करून कर यांना नेमले. प्रमुख खेळाडू जवळजवळ तेच राहिले. तरीही विजय ५१ वरून ६७ झाले आणि चाळीस वर्षांनंतर संघाला विजेतेपद लाभले. येथे भांडवल स्थिर आहे, वाढ सोळा विजयांची आहे आणि ती योगायोगाच्या पट्ट्यात मावणारी नाही. शिवाय खेळाच्या पद्धतीत बदल झाल्याचे डोळ्यांना दिसत होते. चेंडू एका हातात अडकून न राहता फिरू लागला होता आणि एका ज्येष्ठ खेळाडूने राखीवांत बसण्यास संमती दिली होती. येथे प्रशिक्षकाला श्रेय देताना हात आखडण्याचे कारण नाही. तथापि, येथेही ड्रेमंड ग्रीन याला सुरुवातीच्या पाचांत स्थान मिळाले, ते दुसऱ्या एका खेळाडूच्या दुखापतीमुळे, हे विसरता कामा नये.

रेडिक यांचे वर्ष या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते, कारण त्यांचे भांडवल हंगामाच्या मध्यावरच बदलले. २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी महाव्यवस्थापक रॉब पेलिंका यांनी अँथनी डेव्हिस हा उंच, बचावात अग्रगण्य असलेला खेळाडू डॅलसला देऊन लुका डॉन्चिच हा असामान्य आक्रमक खेळाडू घेतला. व्यवहार दीर्घ दृष्टीने फायद्याचा होता, यात शंका नाही. परंतु त्यामुळे बास्केटखाली उभा राहणारा उंच पुरुषच संघात उरला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी शार्लटकडून मार्क विल्यम्स याला घेण्याचे ठरले, पण वैद्यकीय तपासणीनंतर लेकर्सने तो व्यवहार रद्द केला आणि तोवर अदलाबदलीची मुदत संपली होती. संघाचा दुसरा आधार लेब्रॉन जेम्स याने त्या हंगामात वयाची चाळिशी पूर्ण केली. जानेवारीतील लॉस एंजेलिसच्या वणव्यात संघाचे सामने पुढे ढकलावे लागले आणि रेडिक कुटुंबाचे राहते घरही जळाले.

एवढ्या उलथापालथीतही संघ कोलमडला नाही. डेव्हिस गेल्यावर बचाव ढासळेल, असे बहुतेकांचे भाकीत होते. प्रत्यक्षात काही आठवडे लेकर्सचा बचाव सर्व संघांत उत्तम गणला जात होता आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संघाने लागोपाठ आठ सामने जिंकले. ऑस्टिन रीव्हज याची सामन्यामागची सरासरी १५.९ वरून २०.२ गुणांवर गेली. त्यातील काही भाग जबाबदारी वाढल्याचा असेल, पण ती जबाबदारी सोपविणे हेही प्रशिक्षकाचेच काम आहे. नवखा माणूस हाताखालील माणसांकडून, त्यांतही स्वतःहून अधिक कीर्ती मिळविलेल्या माणसांकडून, मन लावून काम करवून घेऊ शकतो की नाही, याची ही परीक्षा होती. रेडिक तीत उत्तीर्ण झाले, असे निःशंकपणे म्हणता येते.

अपेक्षेचे माप आणि त्याचा धोका

भांडवलाचा विचार करावयाचा, तर निकालाची तुलना अपेक्षेशी करावी, असे सुचविले जाते. कल्पना उत्तम आहे. डॉक रिव्हर्स हे रेडिक यांच्याप्रमाणेच समालोचकाच्या खुर्चीतून थेट प्रशिक्षकाच्या जागी आले होते. १९९९-२००० च्या हंगामात त्यांच्या ऑरलँडो संघाने ४१ सामने जिंकले व ४१ गमावले. संघ बाद फेरीतही पोचला नाही. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार रिव्हर्स यांनाच देण्यात आला, कारण नामवंत खेळाडू नसलेल्या त्या संघाकडून कोणी काहीच अपेक्षिले नव्हते. पुढे याच रिव्हर्स यांच्या हाताखाली रेडिक क्लिपर्स संघात चार वर्षे खेळले, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

परंतु अपेक्षेचे माप रबरी असते. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याची निम्मी कामगिरीही गौरवास पात्र ठरते आणि ज्याच्याकडून सर्वस्वाची अपेक्षा आहे त्याचे मोठे यशही अपुरे पडते. डेव्हिड ब्लॅट यांनी २०१४-१५ या पहिल्याच वर्षी क्लीव्हलँडला ५३ विजय मिळवून दिले आणि संघ अंतिम फेरीपर्यंत नेला. दुसऱ्या वर्षी ३० विजय व ११ पराभव अशी स्थिती असताना २०१६ च्या जानेवारीत त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या टायरन लू यांनी त्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिले. निर्णय योग्य ठरला, असे यावरून म्हणता येईल. पण तो निर्णय विजयांच्या आकड्यांवर घेतलेला नव्हता. खेळाडूंचा प्रशिक्षकावर विश्वास उरलेला नाही, या निदानावर तो घेतला गेला होता. म्हणजे ताळेबंदात न दिसणारी एक बाब तेथे निर्णायक ठरली.

तेव्हा अपेक्षा उपयोगी आहे, पण ती हंगाम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवलेली असली पाहिजे. निकाल लागल्यावर जुळवून घेतलेली अपेक्षा ही अपेक्षा नव्हे. ती पश्चातबुद्धी होय.

दोनशे चाळीस मिनिटे

मग जे खरोखर प्रशिक्षकाच्याच हाती असते, ते कोणते? माझ्या मते त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर वेळेच्या वाटपात सापडते. सामना ४८ मिनिटांचा, बारा-बारा मिनिटांची चार सत्रे आणि एका वेळी मैदानावर पाच खेळाडू. म्हणजे प्रत्येक सामन्यात प्रशिक्षकाच्या तिजोरीत बरोबर २४० खेळाडू-मिनिटे असतात, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ती कोणात कशी वाटावयाची, हे तोच ठरवितो. खेळाडू महाव्यवस्थापक देतो, योगायोग दैव देते, पण ही २४० मिनिटे सर्वस्वी प्रशिक्षकाची असतात. टंचाईच्या साधनाचे वाटप, हाच तर अर्थशास्त्राचा गाभा.

२७ एप्रिल रोजी मिनीआपोलिस येथे मालिकेतील चौथा सामना झाला. लेकर्स मालिकेत दोन विरुद्ध एक असे मागे होते. मध्यंतरास मिनेसोटाकडे ६१ विरुद्ध ५८ अशी आघाडी होती. मध्यंतरानंतर रेडिक यांनी जेम्स, डॉन्चिच, रीव्हज, रुई हाचिमुरा आणि डोरियन फिनी-स्मिथ या पाच जणांना मैदानावर उतरविले आणि सामना संपेपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही बाहेर घेतले नाही. पूर्ण चोवीस मिनिटे एकही बदल नाही, ही बाद फेरीत जवळजवळ अभूतपूर्व गोष्ट होती. तिसऱ्या सत्रात या पाच जणांनी ३६ गुण केले व २३ दिले. चौथ्या सत्रात त्याच पाच जणांनी १९ गुण केले व ३२ दिले. पहिल्या बारा मिनिटांत तेरा गुणांची कमाई आणि पुढच्या बारा मिनिटांत तेवढ्याच गुणांचा तोटा. सामना ११६ विरुद्ध ११३ असा, म्हणजे मध्यंतराच्याच तीन गुणांच्या फरकाने हातचा गेला.

घटत्या सीमान्त फलाचा नियम विद्यार्थ्यांना शिकविताना आम्ही गव्हाचे शेत आणि खताची पोती घेऊन बसतो. त्याऐवजी ही दोन सत्रे फळ्यावर मांडावीत. उत्तम खेळाडूचे चाळिसावे मिनिट हे त्याच्या दहाव्या मिनिटाइतके मोलाचे नसते आणि एका मर्यादेनंतर ताज्या दमाच्या मध्यम खेळाडूचे पहिले मिनिट त्याहून अधिक देऊन जाते. चाळिशीतील जेम्स त्या दिवशी ४६ मिनिटे खेळला. रेडिक यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, राखीव खेळाडू दुबळे होते आणि त्या पाच जणांनी तिसऱ्या सत्रात सामना फिरवून दाखविला होता. ते खरे आहे. परंतु दोन-तीन मिनिटांची विश्रांती देण्यापुरतेही राखीव खेळाडू संघात नव्हते, हे पटण्यासारखे नाही.

पाचव्या सामन्यात प्रश्न दुसऱ्या टोकाने पुढे आला. मिनेसोटाच्या खेळाडूंनी त्या दिवशी दुरून तीन गुणांसाठी ४७ वेळा फेक केली आणि केवळ सात वेळा चेंडू जाळीत गेला. एवढ्या वाईट नेमबाजीने खेळणारा संघ सहसा हरतो. तो जिंकला, याचे कारण बास्केटखाली उभा असलेला रूडी गोबेर. त्याने २७ गुण मिळविले आणि परत आलेले २४ चेंडू झेलले. लेकर्सजवळ सात फूट उंचीचा जॅक्सन हेज होता, पण त्याला त्या सामन्यात एक मिनिटही मिळाले नाही. उंच खेळाडू नव्हता हा दोष व्यवस्थापनाचा. असलेला वापरला नाही हा निर्णय प्रशिक्षकाचा. हेज खेळला असता तर निकाल बदलला असता, असे ठामपणे कोणालाच म्हणता येणार नाही. तथापि, समोरून येणारा तोटा उघड दिसत असताना जवळचा उपाय एकदाही न करून पाहणे, हे वाटपाच्या दृष्टीने समर्थनीय ठरत नाही.

त्याच सामन्यापूर्वी पत्रकारांनी रेडिक यांना विचारले होते की, बदली खेळाडूंबाबत निर्णय घेताना आपण अनुभवी साहाय्यकांचा सल्ला घ्याल काय? प्रश्न आपल्या अननुभवावर रोखलेला आहे, असे वाटून ते चिडले आणि बैठक सोडून गेले. एखाद्या संतापाच्या क्षणावरून माणसाची पारख करू नये. पण प्रश्न गैरलागू नव्हता. रात्र संपण्यापूर्वी मैदानाने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

पाच सामने आणि एक वर्ष

म्हणून रेडिक यांना अपात्र ठरवावे काय? मला तसे वाटत नाही. वाटपातील चूक आणि विश्वास गमावणे या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. पहिली शिकून सुधारता येते. दुसरी सहसा सुधारत नाही. बोस्टनचे जो माझुला यांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. २०२२ च्या सप्टेंबरात हंगाम तोंडावर असताना त्यांच्यावर अचानक प्रशिक्षकपदाची जबाबदारी आली. त्यांनी ५७ सामने जिंकले, पण विभागीय अंतिम फेरीत मायामीविरुद्ध पहिले तिन्ही सामने गमावले. पुढचे तीन जिंकून बरोबरी साधली आणि सातवा निर्णायक सामना घरच्या मैदानावर ८४ विरुद्ध १०३ असा घालविला. हातातील विश्रांतीचे क्षण ते वेळेवर वापरीत नाहीत, अशी टीका त्यांच्यावर वर्षभर होत होती. बोस्टनने त्यांना ठेवले, संघात दोन मोलाचे खेळाडू आणले आणि पुढच्या वर्षी ६४ विजयांसह विजेतेपद मिळविले.

यावरून प्रत्येक नवख्यास दुसरे वर्ष द्यावे म्हणजे विजेतेपद येईल, असा भोळा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. बोस्टनचे भांडवलही वाढले होते. निष्कर्ष एवढाच की, मालिकेतील पाच-सात सामन्यांत दिसलेला दोष हा कायमचा आहे की शिकण्याच्या ओघातला आहे, हे त्याच पाच-सात सामन्यांवरून ठरत नाही. त्यासाठी दुसऱ्या वर्षी काय पाहावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे. विजयांचा आकडा पाहून उपयोग नाही. मिनिटांची विभागणी बदलली काय, थकलेल्या खेळाडूला वेळीच बाहेर घेतले जाते काय, प्रतिस्पर्ध्याच्या बलस्थानावर दुसऱ्याच सामन्यात उपाय योजला जातो काय आणि साहाय्यकांचा शब्द निर्णयात उतरतो काय, ही चार कलमे पुरेशी आहेत. पुढील हंगामांचा निकाल काहीही लागो, त्यावरून पहिल्या हंगामाचा निवाडा मागाहून फिरविणे हेही तितकेच चुकीचे ठरेल. विजेतेपद मिळाले म्हणून २७ एप्रिलचे वाटप शहाणपणाचे होत नाही आणि न मिळाले म्हणून फेब्रुवारी-मार्चमधील काम मातीमोल होत नाही.

माप एकच हवे

येथे डार्विन हॅम यांच्याकडे परत वळणे भाग आहे. हॅम यांनी २०२२ मध्ये सूत्रे घेतली, तेव्हा आधीच्या हंगामात लेकर्सचे अवघे ३३ विजय होते. पहिल्या वर्षी त्यांनी ४३ विजय मिळविले आणि संघ विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत नेला. तेथे पुढे विजेत्या ठरलेल्या डेन्व्हरने त्यांना हरविले. दुसऱ्या वर्षी ४७ विजय आणि पहिल्याच फेरीत त्याच डेन्व्हरकडून चार विरुद्ध एक असा पराभव. २०२४ च्या मे महिन्यात त्यांना निरोप देण्यात आला. रेडिक यांनी ५० विजय मिळविले आणि पहिल्याच फेरीत चार विरुद्ध एक असा पराभव पत्करला. २०२५ च्या सप्टेंबरात संघाने त्यांचा करार वाढविल्याचे जाहीर केले.

दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे योग्य असू शकतील. हॅम यांच्याबद्दल खेळाडूंचे मत बिघडले असेल, रेडिक यांच्या कामाचा दर्जा आतून अधिक चांगला दिसला असेल. परंतु तसे असल्यास निकषांचा उच्चार झाला पाहिजे. जवळजवळ सारख्या निकालावर एकाला दार दाखवावयाचे आणि दुसऱ्याला वेळ द्यावयाचा, तर फरक कोठे केला, हे सांगण्याची जबाबदारी फरक करणाऱ्यावर येते. हॅम यांनी प्रमुख प्रशिक्षक होण्यापूर्वी अनेक वर्षे साहाय्यक म्हणून उमेदवारी केली होती. रेडिक यांनी एक दिवसही केली नव्हती. ज्या स्पर्धेत बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, तेथे उमेदवारी कोणाला करावी लागते आणि धीर कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न विचारला जाणारच. त्याला उत्तर एकच असू शकते. निकष आधी जाहीर करा आणि सर्वांना तेच लावा.

ज्या संघाचे मूल्य २०२५ च्या जूनमधील विक्री व्यवहारात सुमारे दहा अब्ज डॉलर धरले गेले, त्या संघाजवळ मोजमापाच्या साधनांची वाण नाही. वाण आहे ती शिस्तीची. आपल्याकडील संस्थांत साधनांचीही वाण असते, म्हणून शिस्तीची गरज अधिक. पहिल्या वर्षीच्या वर्गाचा निकाल पाहून शिक्षकाला नावाजणारा मुख्याध्यापक, किंवा एका प्रकरणावरून कनिष्ठाचा गोपनीय अहवाल रंगविणारा अधिकारी, लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांहून फारसे वेगळे काही करीत नाही. त्या वर्गात कोणते विद्यार्थी आले होते आणि त्या कनिष्ठाच्या हाती नेमके काय होते, हे प्रश्न अहवालात बहुधा उमटतच नाहीत.

रेडिक यांच्या पहिल्या वर्षाचा माझा ताळेबंद असा आहे. जमेच्या बाजूस भांडवल बदलत असताना टिकवलेला संघ आणि खेळाडूंचा विश्वास. खर्चाच्या बाजूस दडपणाखाली बिघडलेले मिनिटांचे वाटप आणि सल्ल्याबद्दलची अधीरता. तीन जादा विजय आणि क्रमांकांतील अंतर मात्र कोणत्याच बाजूस लिहिण्याच्या योग्यतेचे नाहीत. शिल्लक जमेची आहे, पण ती मोठी नाही. दुसरे वर्ष मिळण्यास ती पुरेशी होती. हॅम यांच्या दोन वर्षांचा ताळेबंदही याच पद्धतीने मांडून दाखविणे, हे त्या संघाकडून अजून बाकी आहे.